मेगुमी हायाशिबारा : रेई, लीना, फे, हाइबारा आणि एक पेंग्विन

शब्दवेडी

'रान्मा' या जपानी ॲनिमेच्या, म्हणजे कार्टून मालिकेच्या, नव्या आवृत्तीच्या धाग्यावर दोघातिघांनी विचारलं होतं, की मुलगी झालेल्या रान्माला आवाज कुणी दिलाय. तिथेच लिहीत बसले असते तर मूळ चर्चा बाजूला पडली असती, म्हणून हा वेगळा धागा काढतेय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आवाज मेगुमी हायाशिबाराचा. जन्म ३० मार्च १९६७, टोकियोतला किता भाग. शाळा संपल्यावर तिने नर्सिंगला प्रवेश घेतला आणि त्याच सुमारास आर्ट्स व्हिजन नावाच्या एजन्सीच्या प्रशिक्षणवर्गातही नाव घातलं. दोन्ही रेटलं. नर्सिंगचा परवानासुद्धा मिळवला, म्हणजे आवाजाचं नाहीच जमलं तर पोटापाण्याची सोय होती. १९८६ साली 'मेझोन इक्कोकु' या मालिकेत बारीकसारीक आवाज देत तिची सुरुवात झाली. नवशिक्या सेइयूच्या, म्हणजे आवाजाच्या कलाकाराच्या, वाट्याला येतं तसलंच काम: गर्दीतलं कुणीतरी, मागे कालवा करणारी पोरं, एका वाक्याची बाई.

'मेझोन इक्कोकु'ची मूळ चित्रकथा रुमिको ताकाहाशीची. तीन वर्षांनी ताकाहाशीच्याच 'रान्मा १/२'वर मालिका आली आणि तीत हायाशिबाराला अर्धा नायक मिळाला. अर्धा अशासाठी, की रान्माच्या अंगावर गार पाणी पडलं की त्याची मुलगी होते आणि गरम पाणी ओतलं की परत मुलगा. मुलगा रान्मा म्हणजे काप्पेइ यामागुची, मुलगी रान्मा म्हणजे ही. दोघांनी मिळून एकच माणूस उभा करायचा. गंमत अशी की मुलगी झाल्यावरही रान्मा मुलीसारखं बोलतच नाही. तोच माज, तीच घाई, फक्त पट्टी वरची. २०२४ च्या ऑक्टोबरात रान्मा नव्याने आली तेव्हा याच दोघांना परत बोलावलं. मधे ३५ वर्षं गेली होती. रान्मा सोळाचाच राहिला आणि हायाशिबारा ५७ ची झाली होती.

पण मला खरं बोलायचंय ते १९९५ बद्दल.

एप्रिलमध्ये 'स्लेयर्स' सुरू झाली. नायिका लीना इन्व्हर्स: जादूगार, खादाड, पैशाला हपापलेली, दरोडेखोरांनाच लुटणारी, आणि डोकं फिरलं तर आख्खा डोंगर उडवणारी. तिचा सगळ्यात जबरी मंत्र चांगला लांबलचक आहे. हायाशिबारा तो दबक्या आवाजात सुरू करते, एकेक ओळ चढवत नेते आणि शेवटी मंत्राचं नाव असं काही फोडते की स्पीकरचा आवाज कमी करावा लागतो. ऑक्टोबरात 'इव्हँगेलिअन' ही अवाढव्य यंत्रमानव चालवणाऱ्या मुलांची मालिका सुरू झाली आणि हीच बाई त्यातली एक मुलगी, रेई आयानामी झाली, जिचा आवाज खोलीच्या दुसऱ्या टोकाला जेमतेम पोचतो. दिग्दर्शक हिदेआकी आन्नो यांनी तिला समजावलं होतं, की रेईला भावना नाहीत असं नाही, भावना म्हणजे काय हे तिला ठाऊक नाही. ऐकायला एवढासा फरक, माइकपुढे करायला महाकठीण. भावनाच नसलेलं माणूस यंत्रासारखं वाचून निभावता येतं. ठाऊक नसलेलं माणूस करायचं तर प्रत्येक वाक्यात आत काहीतरी धडकलं पाहिजे आणि ते बोलणारीला कळता कामा नये.

सहाव्या भागाचा शेवट परत ऐका. लढाई संपलीय, मालिकेचा नायक शिंजी तिच्या यंत्राचं तापलेलं झाकण उघडून आत येतो आणि तिला जिवंत पाहून रडायला लागतो. अशा वेळी चेहरा कसा करायचा हे आपल्याला माहीत नाही, असं ती त्याला सांगते. त्या वाक्यात गळा दाटत नाही, आवाज थरथरत नाही. फक्त आधीच्या वाक्यांपेक्षा ती किंचित हळू जाते, पुढची पायरी दिसत नसल्यासारखी.

जाता जाता, याच मालिकेत बाथरूममध्ये आंघोळ करून फ्रिजमध्ये झोपायला जाणारा पेन-पेन नावाचा पेंग्विन आहे. त्याचं केकाटणंही हिचंच. शिंजीची आई युई, तीही हीच.

लोक तिची तारीफ करताना "किती वेगवेगळे आवाज काढते!" म्हणतात. आवाज बदलणारे पुष्कळ असतात हो. मला तिचं मोठेपण वाटतं ते आवाज राखून ठेवण्यात. किती द्यायचा आणि किती गिळायचा, हे तिला कळतं. तुम्हाला काय वाटतं ते लिहा.

टवाळ_पक्या

लेख झकास. पण ताई, रेईचं जरा जास्तच कौतुक होतंय. मी इव्हँगेलिअन सबटायटल लावून पूर्ण पाहिलीय. त्या पोरीचा आवाज आणि आमच्या बँकेतल्या टोकन मशीनचा आवाज, मला तरी सारखेच वाटले. "टोकन क्रमांक बेचाळीस, खिडकी क्रमांक तीन." (पळतो आता.)

मिताली_दे

पक्या, पळू नकोस, थांब. तू मालिका पाहिलीस, शेवटचा सिनेमा पाहिलास का? ८ मार्च २०२१ ला जपानात लागला तो. त्यात रेईची एक प्रतिकृती, काळा पोशाख घातलेली, संकटातून वाचलेल्या लोकांच्या गावात येऊन पडते. गावातल्या बायका तिला भात लावायला घेऊन जातात. माझं आजोळ मावळातलं आहे, आवणाचे दिवस मी पाहिलेत. त्यामुळे चिखलात पाय रुतवून ओणव्या झालेल्या त्या बायकांच्या रांगेत ही तंग रबरी कपड्यातली मुलगी बघून मी आधी खो खो हसले आणि मग गप्प झाले. सकाळी भेटल्यावर काय म्हणतात, झोपताना काय म्हणतात, निरोप घेताना काय म्हणतात, सगळं ती पहिल्यांदाच विचारतेय. आवाज रेईचाच आहे, एक पट्टीही वर गेलेली नाही, पण दर प्रसंगागणिक तो थोडा थोडा सैल होत जातो. तुझ्या टोकन मशीनला जमेल का हे?

आणि २००९ च्या दुसऱ्या सिनेमात ऐन हाणामारीत दोन साधी गाणी वाजतात, जपानातली पोरं शाळेत म्हणतात तसली. तीही हायाशिबारानेच गायलीत. पडद्यावर रक्ताचा सडा आणि कानात शाळेच्या निरोप समारंभाचं गाणं. आन्नो माणूस विक्षिप्त आहे, पण गाणं कुणाच्या तोंडी द्यायचं हे त्याला कळतं.

माइकवाली_अनुजा

इथे क्वचितच लिहिते, पण टोकन मशीन वाचून राहवेना. मी मुंबईत हिंदी आणि मराठी डबिंग करते.

सपाट बोलणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड काम. नव्या मुलांना "भाव कमी कर" म्हटलं की ती पेंगुळल्यासारखी वाचतात. वाक्याची शेपटी गळून पडते, शेवटचा 'आहे' ऐकूच येत नाही. आवाज बारीक ठेवून वाक्य ताठ ठेवायचं तर ओरडण्यापेक्षा जास्त श्वास लागतो. माइक जवळ असतो, त्यामुळे जीभ टाळूला चिकटल्याचा आवाजसुद्धा पकडला जातो. किंचाळणाऱ्या भूमिकेत हे सगळं झाकलं जातं, रेईसारख्या भूमिकेत झाकायला काही नसतं. लीना घसा बसवते, रेई दम काढते.

दुसरं म्हणजे तिकडची पद्धतच निराळी. आमच्याकडे मूळ काम आधीच झालेलं असतं. आम्ही एकेकटे काचेच्या खोलीत शिरतो, कानात मूळ भाषेतला ट्रॅक, समोर पडदा, आणि ओठ जुळवत एकेक तुकडा उरकत जायचा. समोरच्या पात्राचं काम कोण करतंय हे कधी कधी मालिका लागल्यावर कळतं. जपानात सगळा संच एका खोलीत असतो. पडद्यांसमोर तीन-चार माइक, मागे भिंतीला लागून बसलेले कलाकार, प्रत्येकाच्या हातात स्क्रिप्ट. आपलं वाक्य आलं की उठून मोकळ्या माइकपाशी जायचं, संपलं की मागच्यासाठी जागा सोडून सरकायचं, आणि हे सगळं पावलांचा आवाज न करता. पान उलटताना सुद्धा कागद वाजता कामा नये. सळसळणारे कपडे, बांगड्या, काही नाही. बरं, चित्र तरी पूर्ण असावं? पुष्कळदा ते कच्च्या रेघांमध्येच असतं आणि कुणी कुठे बोलायचं ते फक्त खुणांनी दाखवलेलं असतं. म्हणजे चेहरा दिसायच्या आधी चेहऱ्याचा आवाज द्यायचा. कोविडनंतर तिकडेही थोड्या थोड्या लोकांना बोलावून रेकॉर्डिंग व्हायला लागलं, पण हायाशिबाराची पिढी त्या गर्दीच्या खोलीत तयार झाली. समोर यामागुची उभा असताना रान्मा करणं आणि एकटीने हेडफोन लावून करणं, यात फरक पडणारच.

शेवटी एक रड: मी केलेल्या एका लांबलचक मालिकेच्या श्रेयनामावलीत आवाज कलाकारांसाठी ओळच नव्हती. आपल्याकडे मेघना एरंडेचं नाव तरी लोकांना माहीत आहे, निंजा हातोरीचा हिंदी आवाज तिचा. बाकीच्यांना घरचे आणि शेजारचे ओळखतात.

अण्णा_सातारकर

मला या ॲनिमेतलं ओ की ठो कळत नाही. नातीमुळे नावं कानावर पडतात. पण आम्ही आकाशवाणीच्या श्रुतिका ऐकत वाढलो, त्यामुळे न दिसणाऱ्या नटाची किंमत ठाऊक आहे. अनुजाताईंचा प्रतिसाद फार आवडला.

एक व्यावहारिक प्रश्न. या बाईंनी नर्सिंगचा परवाना हाती असताना हा उद्योग पत्करला, तर त्यात पैसा होता का? की नावच मोठं?

योकोहामाकर

अण्णा, तुमच्या प्रश्नाला धरून लिहितो. मी इथे बरीच वर्षं आहे, कामाचा या क्षेत्राशी संबंध नाही, फक्त नाद आहे.

टीव्ही मालिकेचा मोबदला इथे दर्जानुसार ठरतो. नटांच्या संघटनेचे ठरलेले दर आहेत. अगदी नवख्याला अर्ध्या तासाच्या एका भागाचे १५,००० येन, मग दर्जा चढत गेला की दर चढतो, वरचा ठरावीक दर्जा ४५,००० येनचा. त्याच्याही वर गेलेले ज्येष्ठ आपापला भाव बोलून ठरवतात. यातली मेख अशी, की पैसे भागाचे मिळतात, वाक्यांचे नाही. नायकाचा दर्जा खालचा असेल आणि दोन वाक्यं बोलणाऱ्या म्हाताऱ्याचा वरचा, तर म्हातारा जास्त घेऊन जातो. त्यातून एजन्सीचा वाटा जातो. आणि दर्जा वाढवून घ्यावा तर तुम्ही महाग होता, मग "एवढ्याशा भूमिकेला यांना कशाला" म्हणून फोन येणं कमी होतं. पुष्कळ जण मधल्याच पायरीवर अडकतात.

हे दरसुद्धा आपोआप मिळालेले नाहीत. १९७३ च्या ऑगस्टमध्ये आवाजाचे कलाकार काम थांबवून टोकियोच्या रस्त्यावर मोर्चा घेऊन उतरले होते. रोज घराघरात ऐकू येणारे आवाज पहिल्यांदा चेहऱ्यासकट दिसले. त्यानंतर मोबदला बराच वाढला.

त्यामुळे खरी कमाई आजूबाजूच्या गोष्टींत: निवेदन, गेम, रेडिओ, गाणी. हायाशिबारा इथेच वेगळी निघाली. किंग रेकॉर्ड्स या कंपनीकडून तिचे अल्बम निघाले आणि मालिकेचं शीर्षकगीत नायिकेच्याच आवाजात, ही चाल तिच्यामुळे पक्की झाली असं म्हणायला हरकत नाही. स्लेयर्सच्या पहिल्या पर्वाचं गाणं तिने मासामी ओकुईबरोबर गायलं, दुसऱ्या पर्वाचं 'गिव्ह अ रीझन' एकटीने. कित्येक गाण्यांचे शब्दही तिचेच, त्यासाठी नुसतं 'मेगुमी' एवढंच नाव लावते. १९९४ साली 'सेइयू ग्रां प्री' हे निव्वळ आवाजाच्या कलाकारांना वाहिलेलं मासिक निघालं, यावरून तेव्हाचं वारं कळेल. आणि गंमत बघा, एवढी गाणी खपत असताना बाई मंचावर मैफल करायला तयार नव्हती. तिची पहिली एकल मैफल झाली २०१७ साली, पन्नाशीत!

रेडिओचं सांगायचं राहिलं. 'टोकियो बूगी नाइट' हा तिचा साप्ताहिक कार्यक्रम नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झाला आणि हजारावर भाग होऊन गेले. श्रोत्यांची पत्रं वाचायची, सल्ले द्यायचे, मधे आपलंच गाणं. शाळकरी वयात पत्र धाडणारे आता आपल्या पोरांच्या तक्रारी धाडतात.

गोंयकार_७

चर्चा बरी चाललीय, पण एक खडा टाकतो. हायाशिबाराला एवढं डोक्यावर घ्यायचं, तर मासाको नोझावांना कुठे ठेवणार? जन्म १९३६ चा. १९६८ मध्ये 'गेगेगे नो कितारो'तला भुतांचा पोरगा कितारो, १९८६ पासून ड्रॅगन बॉलचा गोकू. मग गोकूला पोरगा झाला, गोहान, तोही नोझावाच. दुसरा पोरगा गोतेन, तोही त्याच. बाप आणि दोन पोरं एकाच प्रसंगात बोलतात आणि तिन्ही वेगळे कळतात. २०२४ मध्ये ड्रॅगन बॉलची नवी मालिका आली तेव्हा बाई ८८ व्या वर्षात होत्या आणि गोकू पुन्हा लहान पोर झालेला. हायाशिबाराचं ३५ वर्षांनी रान्मा करणं त्यापुढे काय?

आणि दुसरा मुद्दा. हे सगळं गोड आहे, पण मरेपर्यंत एकच भूमिका धरून ठेवणं बरोबर आहे का? नव्या पोरांनी यायचं कधी?

शब्दवेडी

नोझावांशी तुलना करायचीच नाही, त्या शाळेच्या मुख्याध्यापिका आहेत. पण दुसरा प्रश्न रास्त आहे आणि जपानात त्याची दोन्ही उत्तरं दिली गेलीत. डोरेमॉनचंच बघा. नोबुयो ओयामांनी १९७९ पासून डोरेमॉन केला. घोगरा आवाज, लहानपणी त्यावरून चिडवलेला, तोच पुढे देशभर लाडका झाला. २००५ मध्ये मात्र निर्मात्यांनी डोरेमॉन, नोबिता आणि बाकीचा मुख्य संच एकदमच बदलला. वासाबी मिझुता आली. सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली, मग सवय झाली, आणि आज तिशीच्या आतल्या जपान्याचा डोरेमॉन म्हणजे मिझुताच. ओयामा २०२४ च्या सप्टेंबरात गेल्या, नव्वदीच्या होऊन. त्यामुळे भूमिका हस्तांतरित होऊच शकत नाही असं नाही.

पण काही भूमिकांचं वयच विचित्र असतं. 'डिटेक्टिव्ह कोनान'मधली आइ हाइबारा घ्या, १९९९ पासून हायाशिबारा करतेय. ही मुळात अठरा वर्षांची शास्त्रज्ञ, स्वतःच बनवलेलं विष खाऊन सात वर्षांची झालेली. पहिलीच्या वर्गात बसते आणि बोलते मात्र जगाला विटलेल्या बाईसारखं. बारीक आवाज काढला तर ती नुसती आगाऊ पोर होईल, मोठा काढला तर दप्तर खोटं वाटेल. हायाशिबारा आवाज खाली ठेवते आणि उच्चार अगदी कोरडे, जवळजवळ कंटाळलेले. रेईसुद्धा खालच्या आवाजात बोलते, पण दोघींत गल्लत होत नाही: रेईला जग कळलेलं नाही, हाइबाराला नको इतकं कळलंय. हा आवाज कलाकाराच्या वयाबरोबर मुरत जातो. २०२३ चा कोनान सिनेमा जवळपास हाइबाराभोवतीच फिरतो, आणि कोनानच्या सिनेमांमध्ये तोच पहिल्यांदा १,००० कोटी येनच्या पुढे गेला. त्याच्या कथेत, माणसाचा लहानपणचा आणि मोठेपणीचा चेहरा जुळवून ओळख पटवणारी यंत्रणा आहे. हाइबारा तिच्यात सापडते आणि पळवून नेली जाते.

नव्यांना जागा हवी हे मान्यच. हायाशिबारानेही २००४ मध्ये मुलगी झाल्यावर नवं काम बरंच कमी केलं. जुनं मात्र सोडलं नाही.

पावसाळी_बेडूक

हा धागा वाचून एक गोष्ट डोक्यात आली. आमच्या पिढीने पोकेमॉन टीव्हीवर इंग्रजी नाहीतर हिंदीत पाहिलं. त्यातली पिकाचू पळवायला टपलेली जेसी म्हणजे जपानीतली मुसाशी, आणि ती हायाशिबारा! तिचा जोडीदार जेम्स म्हणजे कोजिरो. दोघांची नावं तिकडच्या दोन इतिहासप्रसिद्ध तलवारबाजांवरून. १९९७ पासून २०२३ मध्ये सातोशीची, म्हणजे आपल्या ॲशची, कहाणी संपेपर्यंत ती हे काम करत होती. दर भागात तोच परिचयाचा पाढा, तोच फसलेला डाव, तेच आकाशात उडून जाणं. कंटाळली नसेल?

आणि पहिल्या पर्वातला फुशिगिदाने, म्हणजे आपला बल्बासॉर, तोही हीच. एवढ्या वर्षांत मी तिचा आवाज एकदाही न ऐकता तिची दोन पात्रं आवडून घेतली. काल जपानी भाग लावून बघितला. मुसाशीत लीनाचीच चुलतबहीण दिसते. तोच तोरा, फक्त नशीब खोटं.

मिताली_दे

फे व्हॅलेंटाइन राहिली की! 'काउबॉय बिबॉप', १९९८. दिग्दर्शक वातानाबेंच्या या अंतराळातल्या मालिकेत ती जुगारी, कर्जबाजारी, कुणाशीही सरळ न बोलणारी. कित्येक वर्षं गोठवून ठेवलेल्या झोपेतून उठलीय आणि आधीचं काही आठवत नाही. अठराव्या भागात कुरिअरने एक जुनी व्हिडिओ टेप येते. ती चालवायचं यंत्रच कुणाकडे नसतं, ते शोधण्यात अर्धा भाग जातो, नुसता हास्यकल्लोळ. शेवटी टेप लागते आणि पडद्यावर शाळकरी फे. भविष्यातल्या स्वतःला उद्देशून बोलतेय, हातात झुबके घेऊन नाचत स्वतःलाच शाबासकी देतेय. समोर बसलेल्या मोठ्या फेला यातलं काहीच आठवत नाही.

टेपमधल्या पोरीच्या आवाजात एकही ओरखडा नाही. बाकी सगळ्या मालिकेत फेच्या आवाजाला जी धार आहे, ती आधी नव्हती, नंतर आली, हे तेव्हा कळतं. आणि मोठी फे त्या वेळी जवळपास गप्पच असते. शब्दवेडीताई, तुमचं ते गिळण्याचं म्हणणं मला इथे सगळ्यात पटतं.

टवाळ_पक्या

मान्य, मान्य. भात लावण्याचा सिनेमा रविवारी बघतो. पण मूळ मुद्दा सोडत नाही. आणखी दहा वर्षांनी खरंच मशीनच रेई करणार. हायाशिबाराचे ३५ वर्षांचे आवाज साठवलेले आहेत, घाला यंत्रात आणि काढा नवीन भाग. तेव्हा हा धागा कुणी वाचेल का?

माइकवाली_अनुजा

दहा वर्षं कशाला, आत्ताच चाललंय. नकली आवाजात गाणी, नकली आवाजात जाहिराती. २०२४ च्या ऑक्टोबरात जपानातल्या २६ आवाज कलाकारांनी न विचारता आवाज वापरण्याविरुद्ध मोहीम काढली, त्यात कोइची यामादेरासारखे दिग्गज होते. त्यांचं म्हणणं तंत्र बंद करा असं नाहीये. आमचा आवाज घ्यायचा तर आम्हाला विचारा, पैसे द्या, आणि हा यंत्राचा आवाज आहे असं स्पष्ट लिहा. आमच्याकडे तर करारात एका कोपऱ्यात "सर्व माध्यमांत, सर्वकाळ" असं लिहिलेलं असतं आणि आम्ही सही करून मोकळे.

तू म्हणतोस तसं साठवलेल्या आवाजातून रेईसारखं वाक्य निघेलही. पण आन्नोंनी "तिला ठाऊक नाही" एवढंच सांगितलं आणि पुढचं हायाशिबाराने स्वतः शोधलं. यंत्राला ते सांगायचं कुणी, आणि त्याने ऐकून काय करायचं? तोवर आमचं चालू दे.

अण्णा_सातारकर

सर्वांचे आभार, बरीच माहिती मिळाली. शेवटचा प्रश्न. मला या बाईंचं एकच काम ऐकायचं तर कुठलं ऐकू? राक्षस, यंत्रमानव, अंगावर येणारा रक्तपात असलं काही नको. आणि नातीबरोबर बसून बघण्यासारखं वेगळं असेल तर तेही सांगा. ती आठवीत आहे.

शब्दवेडी

अण्णा, नातीबरोबर कोनान निर्धास्त बघा. खून होतात, पण रक्तापेक्षा उलगडाच जास्त. रान्मात अधूनमधून आंघोळीचे प्रसंग आणि आचरटपणा आहे, तेव्हा आधी एखादा भाग स्वतः बघून ठरवा. दिग्दर्शक सातोशी कोनच्या २००६ च्या 'पॅप्रिका' या सिनेमात हायाशिबाराने थंड डोक्याची डॉक्टर आणि स्वप्नात शिरणारं तिचंच अवखळ रूप, दोन्ही केलंय. एका प्रसंगात तर दोघी एकमेकींशी भांडतात. मला अतिशय प्रिय, पण आठवीतल्या मुलीसोबत नको.

तुमच्या एकट्यासाठी मात्र 'शोवा गेनरोकु राकुगो शिंजू', २०१६. राक्षस नाहीत, यंत्रं नाहीत. राकुगो म्हणजे उशीवर बसून, हातात पंखा आणि एक रुमाल एवढ्या सामग्रीवर एकट्याने सगळी पात्रं करत गोष्ट सांगायची कला. मालिकेत दोन राकुगो कलाकार आहेत, अकिरा इशिदा आणि कोइची यामादेरा यांनी केलेले, आणि ते गोष्टी चांगल्या लांबवर सांगतात. श्रुतिका ऐकलेल्या कानाला मेजवानी आहे. हायाशिबारा यात मियोकिची नावाची गेइशा. लाडिक, चिवट, दुखावलेली, आणि दुखावली की घातकी. आत्तापर्यंत इथे जितक्या भूमिकांची चर्चा झाली त्यातली एकही हिच्यासारखी नाही. या बाईत आवाज सतत पुढे झुकलेला असतो, समोरच्याच्या बाहीला धरल्यासारखा.

पहिला भाग नेहमीपेक्षा बराच मोठा आहे आणि मियोकिची यायला आणखी काही भाग थांबावं लागेल, तेव्हा घाई करू नका. शीर्षकगीत मात्र पुढे ढकलू नका, ते गायिका-संगीतकार शीना रिंगोने रचलंय आणि गायलंय हायाशिबारानेच.